राग येतो, तेव्हा



घरभेटीला गेलो की आम्ही आधी आजाऱ्याची विचारपूस करतो. त्याचे सगळे करणाऱ्या माणसाला ‘तुम्ही कसे आहात?’ असे विचारायचे मात्र राहून जाते. ही चूक आम्हाला आमच्याच घरात उमगली.

आमच्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता. थोरल्या भावाकडे ती असे. वहिनी तिचे सगळे करीत. आम्ही पंधरवड्यातून एकदा जायचो. आई हसून बोलायची. निघताना आम्ही वहिनींना सांगायचो, “जरा धीर धरा.” एकदा त्या म्हणाल्या, “फादर, एक रात्र तुम्ही राहून बघा.”

आम्ही राहिलो. आई रात्रभर उठत होती. जन्मभर राहिली त्याच घरात ‘मला घरी जायचंय’ म्हणत दार उघडू पाहत होती. पहाटे तीन वाजता आम्ही तिच्यावर ओरडलो. ती घाबरून भिंतीकडे सरकली. सकाळी वेदीपाशी उभे राहताना आम्हाला स्वतःची लाज वाटली.

मग राग येणे हेच पाप आहे काय? तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांची शिकवण अशी, की राग ही भावना मुळात पाप नव्हे. विवेक तिला कुठे नेतो, यावर तिचे बरेवाईट ठरते. वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करण्यापूर्वी भोवतालच्यांची कठोर मने पाहून येशूलाही राग आला, असे संत मार्क तिसऱ्या अध्यायात सांगतो. पण त्या रागाच्या क्षणी त्याने एका दुबळ्या माणसाला बरे केले. आमचा राग मात्र घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर निघतो. खरे तर तो आजारावर, मोडलेल्या झोपेवर आणि न फिरकणाऱ्या भावंडांवर असतो. म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवूया.

पहिली, आजार समजून घ्या. तोच प्रश्न वीस वेळा विचारणे हा हट्ट नव्हे. दिलेले उत्तर मेंदूत टिकतच नाही. ‘आत्ताच सांगितलं ना!’ म्हणून उपयोग नाही. ‘घरी जायचंय’ यामागे बहुधा भीती असते. वाद न घालता हात धरा, विषय बदला. संध्याकाळी गोंधळ वाढत असेल तर दिवे लवकर लावा. एक-दोन दिवसांत अचानक फार बिघडले तर डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा नवे औषधही कारण असू शकते.

दुसरी, वेळीच थांबा. आवाज चढू लागला, दात आवळले गेले, की आजारी माणूस सुरक्षित आहे ना हे पाहून पाच मिनिटे ओटीवर जा. पाणी प्या, मग परत या. हात उगारावासा वाटला तर ते लपवू नका. त्याच दिवशी घरच्यांना व डॉक्टरांना सांगा. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते.

तिसरी, भार वाटून घ्या. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो याने त्याला सांगितले, की हे काम एकट्याचे नाही, अशाने तू थकून जाशील (निर्गम, अध्याय १८). मोशेने ऐकले. आमच्या घरीही भावंडांनी वार लावून घेतले. सोमवारची रात्र आमच्याकडे आली. आठवड्यातून काही रात्री वहिनींना सलग झोप मिळू लागली. त्यांचा राग संपला नाही, पण पुष्कळ ओसरला.

आई आता प्रभूकडे आहे. त्या पहाटेचे ओरडणे ती विसरली असेल. पण अशा आजारात प्रसंग विसरला तरी त्याची भीती मनात काही काळ राहते. तशीच मायाही राहते. म्हणून ओरडलात तर जवळ बसून क्षमा मागा. मनाला फार लागले असेल तर प्रायश्चित्त संस्काराला या. पण थकवा हे पाप नव्हे, हेही विसरू नका.

आणि ज्यांच्या नात्यात असे घर आहे, त्यांनी आज जेवणानंतर तिथे जावे. उपदेश करू नये. एवढेच म्हणावे, “आज दुपारी मी बसते, तुम्ही जरा झोपा.”

तुमचा धर्मगुरू