रेणूंच्या रचनेकडून स्वरांच्या रचनेकडे : ख्रिस्तोफर लाँगे-हिगिन्स

दहावीचा निकाल लागला की आमच्या विद्यार्थ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : विज्ञान की कला? जणू माणसाच्या बुद्धीला दोनच दारे असून एक उघडले की दुसरे कायमचे बंद होते. ज्यांच्या घरी या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच दिले, त्यांना तर तो अधिकच जड जातो. म्हणून या स्मरणिकेत आम्ही अशा एका शास्त्रज्ञाच्या कार्याचा परिचय करून देत आहोत, ज्याने रसायनशास्त्रातील मानाचे अध्यासन सोडून चव्वेचाळिसाव्या वर्षी मनाच्या, आणि विशेषतः संगीत ऐकणाऱ्या मनाच्या, अभ्यासाला वाहून घेतले.

ख्रिस्तोफर लाँगे-हिगिन्स यांचा जन्म ११ एप्रिल १९२३ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. विंचेस्टर येथील शाळेत फ्रीमन डायसन आणि जेम्स लाइटहिल हे त्यांचे सोबती होते. लाइटहिल यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. १९४१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या बॅलिओल महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकू लागले. त्याच महाविद्यालयात ते ऑर्गन वाजविण्याची शिष्यवृत्ती मिळालेले विद्यार्थीही होते, आणि संगीताच्या पदवीचा पहिला भाग त्यांनी रसायनाबरोबरच पूर्ण केला.

विद्यार्थिदशेतच त्यांनी एक अवघड कोडे सोडविले. डायबोरेन नावाच्या वायूच्या रेणूत बोरॉनचे दोन आणि हायड्रोजनचे सहा अणू असतात. हे आठ अणू इथेनप्रमाणे जोडावयाचे तर सात बंध लागतात. प्रत्येक बंधास दोन याप्रमाणे चौदा इलेक्ट्रॉन हवेत. प्रत्यक्षात बोरॉनकडून तीन-तीन व हायड्रोजनकडून एकेक मिळून बाराच उपलब्ध होतात. मग रेणू टिकतो कसा? दोन हायड्रोजन अणू दोन बोरॉनांच्या मध्ये पुलासारखे बसतात, आणि प्रत्येक पुलावर दोनच इलेक्ट्रॉन तीन अणूंना बांधून ठेवतात, असे उत्तर त्यांनी आपले शिक्षक आर. पी. बेल यांच्यासह १९४३ मध्ये प्रसिद्ध केले. बाहेरच्या चार बंधांचे आठ आणि दोन पुलांचे चार, असा हिशेब बरोबर बारावर येतो. पुलाची कल्पना त्यापूर्वीही सुचविली गेली होती, परंतु तिला भक्कम युक्तिवादाचा आधार मिळाला तो या विशीतल्या विद्यार्थ्याकडून. १९५१ मध्ये इलेक्ट्रॉन-विवर्तनाच्या प्रयोगांनी ही रचना निःसंशय ठरली.

१९५४ मध्ये ते केंब्रिज येथे सैद्धान्तिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळातील कार्याचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. लंडनच्या किंग्ज महाविद्यालयात त्यांच्या मार्गदर्शनाखाली रेणूंच्या कंपनांवर काम केलेला एक विद्यार्थी पीटर हिग्ज होता, एवढे सांगितले तरी पुरे.

आमच्या दृष्टीने खरा रस आहे तो १९६२ मध्ये त्यांनी एका संगीतविषयक नियतकालिकात लिहिलेल्या पत्ररूपी लेखात. प्रश्न साधा होता : स्वरांमधील नाते आपल्याला नेमके कसे कळते? आपल्या परिचयाच्या भाषेत तो असा मांडता येईल. षड्जाची कंपनसंख्या २४० धरू. शुद्ध पंचम त्याच्या दीडपट, म्हणजे ३६०. शुद्ध गांधार सव्वापट, म्हणजे ३००. तंबोरा नीट लागला की षड्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येतो तो हाच गांधार. आता दुसऱ्या वाटेने गांधाराकडे जाऊ. षड्जापासून पंचमाची उडी चार वेळा घ्यावी आणि दोन सप्तके खाली यावे. मिळणारा स्वर ३०३¾ कंपनांचा असतो. नाव तेच, जागा मात्र निराळी. दोहोंमधील गुणोत्तर ८१ : ८०. श्रुतींच्या चर्चेत हे अंतर आपल्याकडे जुनेच आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींचे गणित मांडले, तेव्हा अशाच सूक्ष्म अंतरांचा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

लाँगे-हिगिन्स यांनी या नात्यांना तीन दिशा कल्पिल्या : सप्तकाची, पंचमाची आणि शुद्ध गांधाराची. पहिली २ या मूळ संख्येशी, दुसरी ३ शी आणि तिसरी ५ शी जोडलेली आहे. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, हे आपण शाळेतच शिकतो. म्हणून या तीन दिशांच्या अवकाशात प्रत्येक स्वरांतराला एक आणि एकच स्थान मिळते. सप्तकाची दिशा बाजूस ठेवून कागदावर एक ओळ लिहा : म, सा, प, रे. तिच्यावर, प्रत्येकाच्या गांधाराच्या जागी, दुसरी ओळ लिहा : मच्या डोक्यावर ध, साच्या डोक्यावर ग, पच्या डोक्यावर नी. बिलावल थाटाचे सातही स्वर एकमेकांना चिकटून एका लहानशा पुंजक्यात बसलेले दिसतील. रेणूत अणू कोणाशेजारी बसतो हे शोधणाऱ्या दृष्टीनेच येथे स्वरांची शेजारघरे शोधली, असे आम्हांस वाटते.

१९६७ मध्ये त्यांनी केंब्रिज सोडले आणि एडिंबरा येथे डोनाल्ड मिची व रिचर्ड ग्रेगरी यांच्यासमवेत यंत्रबुद्धी व संवेदन यांच्या अभ्यासाचा विभाग उभारण्यात भाग घेतला. हा निर्णय सोपा नव्हता. नव्या विषयाला ना ठरलेली पाठ्यपुस्तके होती, ना प्रतिष्ठा. विभागात मतभेद झाले, आणि १९७४ मध्ये ते ससेक्स विद्यापीठात गेले. दरम्यान १९७३ मध्ये लाइटहिल यांनी शासकीय संशोधन मंडळासाठी यंत्रबुद्धीवर अतिशय प्रतिकूल अहवाल लिहिला. त्यावरील आपल्या टिपणात या शाळासोबत्याने उत्तर दिले की, या विद्येचे खरे प्रयोजन यंत्रे बनविणे हे नसून मानवी बुद्धीचे आकलन हे आहे. त्यासाठी त्यांनी वापरलेले ‘बोधविज्ञान’ या अर्थाचे इंग्रजी नाव आज जगभर रूढ आहे.

मनाविषयीचा सिद्धान्त संगणकाला आज्ञावलीच्या रूपात देता येईल इतका नेमका असावा, हा त्यांचा आग्रह. मार्क स्टीडमन यांच्यासह १९७१ मध्ये त्यांनी बाखच्या अठ्ठेचाळीस फ्यूगांची मुखडेवजा आरंभवाक्ये यासाठी निवडली. निवड मार्मिक होती, कारण फ्यूगचा आरंभ एकट्या स्वरावलीने होतो, साथीचा आधार नसतो. तरीही श्रोत्याला मूळ स्वर आणि लय उमगते. आज्ञावली एकेक स्वर घेई आणि न जुळणारी स्वरस्थाने बाद करीत जाई. एकाहून अधिक पर्याय उरले, तर पहिला स्वर षड्ज वा पंचम मानण्याकडे तिचा कल असे. लयीच्या बाबतीत मात्र काही ठिकाणी तिचे काम अपुरे राहिले.

१९७६ मध्ये ते आणखी पुढे गेले. वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या संगीतिकेतील एका एकल सुरावटीचे स्वतः केलेले वादन त्यांनी संगणकात भरले. माणूस वाजवितो तेव्हा कोणतीच मात्रा घड्याळाप्रमाणे सारखी नसते. तरी श्रोता ती सारखीच ऐकतो. आज्ञावलीने हे चढउतार सांभाळून त्या वादनाचे स्वरलेखन करावयाचे होते. शिवाय पट्टी एकच असली तरी तो स्वर जी-शार्प म्हणून लिहावा की ए-फ्लॅट म्हणून, हेही तिने स्वरांच्या नात्यांवरून ठरवावयाचे होते.

या सिद्धान्ताला मर्यादा आहेत. तो पाश्चात्त्य स्वरव्यवस्थेसाठी बांधलेला आहे, आणि मात्रांच्या समान विभागणीवर उभा आहे. आपल्या आलापात ताल नसतो, आणि मींड तर दोन स्वरांच्या मधल्या वाटेवरच रेंगाळते. त्यांचे काय करावयाचे, हे त्या आज्ञावलीला विचारून उपयोग नाही. हे काम आपल्याकडील कोणा विद्यार्थ्याने हाती घ्यावे.

ससेक्सहून १९८१ मध्ये त्यांनी दोन छायाचित्रांतील आठ समान बिंदूंवरून दृश्याची खोली काढण्याची रीत दिली. ती संगणकीय दृष्टीच्या शाखेत अजून शिकविली जाते. २७ मार्च २००४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी हिग्ज यांना २०१३ मध्ये, आणि एडिंबरा येथे त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या जेफ्री हिंटन यांना २०२४ मध्ये भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते स्वतः मात्र या पारितोषिकापासून दूरच राहिले. हिंटन ज्या मज्जाजालांच्या मागे लागले होते, त्यांवरचा गुरूंचा विश्वास तोवर उडाला होता. तरीही शिष्य आपल्या वाटेने गेला.

शाळेच्या पेटीवर हे सारे थोडेफार तपासता येईल. कोणताही सा धरून त्याचा ग दाबा, आणि त्याच वेळी तंबोऱ्यातून निघणारा गांधार ऐका. पेटीचा ग किंचित चढा लागेल. तो किती चढा आहे, हे वरच्या रीतीने काढण्यापूर्वी पेटीतील बारा पट्ट्यांची अंतरे सारखी का ठेवलेली असतात, हे संगीत शिक्षकांना विचारून घ्यावे.