जुन्या शिवणयंत्रावर गोधडीचे काम : नवशिक्यांसाठी प्राथमिक पाठ

आपल्या खेड्यांतील अनेक घरांत माळ्यावर, कणगीच्या मागे किंवा देवघराच्या कोपऱ्यात एखादे जुने शिवणयंत्र पडलेले आढळते. कोणाच्या आजीला ते लग्नात आंदण म्हणून मिळालेले असते, तर कोणाच्या सासूने ते पै-पै साठवून घेतलेले असते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, त्या काळात महिला मंडळांतून शिवणाचे वर्ग चालत, आणि त्या वर्गांत शिकलेल्या कित्येक स्त्रियांनी अशा यंत्रावर घराला हातभार लावला. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीदेखील १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. आज मात्र हीच यंत्रे भंगाराच्या भावाने विकली जात आहेत. हाताने किंवा पायाने चालणारे हे यंत्र विजेवर अवलंबून नाही, त्याचे बहुतेक भाग पोलादी व बिडाचे आहेत, आणि तेलपाणी केल्यास ते अजून एक पिढी सहज काम देईल. म्हणून ते विकण्यापूर्वी त्यावर गोधडीचे काम करून पाहावे, अशी कार्यकर्त्यांनी घरोघर शिफारस करावी.

परंतु एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. घरगुती शिवणयंत्र हे चोळी, परकर, सदरा यांसाठी बनविलेले आहे. वाकळेचे आठ-दहा पदर एकदम त्याच्या सुईखाली सरकविणे म्हणजे वासराला नांगराला जुंपणे होय. काही वर्षांपूर्वी एका गावच्या बचत गटाच्या वर्गात ही चूक मी स्वतः केली. तयार वाकळेच्या कडेला यंत्राने टीप मारून दाखवावी, या हौसेने मी चाक जोराने फिरविले. सुई वाकली, सुईखालच्या पत्रीवर आपटली आणि मोडली. मी घाईने दुसरी सुई बसवून पुन्हा चाक फिरविले. मोडलेल्या सुईचे टोक खाली शटलपाशी पडले होते. त्याने शटलच्या अणकुचीवर चरा पाडला. त्यानंतर प्रत्येक टाक्याला दोरा तुटू लागला. ते यंत्र ज्या बाईंचे होते, त्या त्यावर गावच्या चोळ्या शिवून मुलांच्या शाळेचा खर्च भागवीत. नवीन शटल मिळेपर्यंत त्यांचे काम बंद राहिले, आणि ऐन लग्नसराईतील गिऱ्हाईक शेजारच्या गावी गेले. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून मोडलेल्या सुईचे सर्व तुकडे जुळवून पाहिल्याखेरीज मी चाकाला हात लावीत नाही, आणि आपणही लावू नये.

यंत्राची पूर्वतयारी

फार दिवस पडून असलेले यंत्र एकदम चालवू नये. जुने तेल आटून चिकट झालेले असते व त्यामुळे चाक जड फिरते. प्रथम कुंचल्याने धूळ व लोंकर झालेले दोऱ्याचे कण काढावेत. तेलाच्या प्रत्येक छिद्रात रॉकेलचे एक-दोन थेंब सोडून चाक हळूहळू फिरवावे, मळ सुटला की पुसून घ्यावे, आणि नंतर शिवणयंत्राचे पातळ पांढरे तेल घालावे. या कामी विस्तव जवळ असू नये. खोबरेल, करडई किंवा तिळाचे तेल कधीही घालू नये. ते काही दिवसांतच घट्ट होऊन यंत्र जखडते. यंत्रावरील सोनेरी वेलबुट्टी स्पिरिटने पुसल्यास निघून जाते, हेही सांगून ठेवलेले बरे.

जुन्या यंत्रांत मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एकात खालचा दोरा नावेसारख्या लांबट धोट्यात असतो व तो धोटा पुढेमागे झुलतो. दुसऱ्यात गोल बॉबिन व तिची डबी असते. शिलाईच्या दृष्टीने दोन्ही चांगली. मात्र लांबट धोट्याचे सुटे भाग सहज मिळत नाहीत, म्हणून त्यातील लांब बॉबिनी जपून ठेवाव्यात. नवी सुई आणताना जुनी सुई बरोबर न्यावी व लांबी आणि माथा ताडून पाहावा. सुईला एका बाजूने लांब खाच असते. दोरा नेहमी त्या खाचेच्या बाजूने ओवावयाचा; ही खाच कोणत्या दिशेला येते, ते यंत्रायंत्रागणिक निराळे असते. दोरा ओवण्यापूर्वी कापड दाबणारा पाय वर उचलावा, म्हणजे ताणाच्या चकत्या सैल होऊन दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याची जाळी होते, तेव्हा नवशिक्या मुली खालच्या डबीचा स्क्रू फिरवू लागतात. वास्तविक दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. तो चकत्यांत बसलेला नसतो किंवा त्याचा ताण कमी असतो.

हात बसविणे

पायाच्या यंत्रावर दोन्ही पावले ठेवावीत, एक थोडे पुढे व एक मागे. हातचाकाच्या मध्याची चकती सैल केली म्हणजे सुई न हलता नुसते चाक फिरते. अशा स्थितीत चाकाचा वरचा भाग आपल्याकडे येईल, याच दिशेने ते सुरू करण्याचा व थांबविण्याचा सराव दोन-तीन दिवस करावा. चाक उलटे फिरले की दोरा गुंततो. हाताच्या यंत्रात दांडी मात्र आपल्यापासून दूर फिरवावयाची असते, आणि दांडीच्या एका फेऱ्यात सुमारे तीन टाके पडतात. उजवा हात दांडीवर गुंतल्यामुळे कापड सांभाळण्यास डावा हात एकटाच उरतो. ही अडचण खरी आहे. त्यासाठी जुनी सुई लावून, दोरा न ओवता, मुलांच्या वहीतील रेघांच्या कागदावर सुई चालवावी. रेघ आणि भोके एकावर एक येऊ लागली की हात बसला असे समजावे.

या सक्तीच्या संथपणाचा गोधडीला फायदाच होतो. विजेचे यंत्र जाड जागी धडधडत पुढे जाते. येथे प्रत्येक टाका आपल्या ताब्यात असतो आणि सुई अडली तर ती हाताला तत्काळ कळते.

पहिला नमुना : बसकर

पहिल्याच दिवशी मोठी गोधडी हाती घेऊ नये. नऊ चौकोनांचे १८ इंची बसकर हा उत्तम पाठ आहे. कापड सुती व धुतलेले असावे. नव्या कापडाचा रंग व आटणे अगोदर धुऊन काढावे. लाल आणि गडद निळ्या कापडाबाबत विशेष दक्षता घ्यावी. हल्ली घरात जुनी म्हणून जी पातळे निघतात, त्यांत पॉलिएस्टरची पुष्कळ असतात. ती सुती तुकड्यांत मिसळू नयेत. सुती कापडाला लागणारी गरम इस्त्री त्यांना सोसत नाही, आणि धुतल्यावर एक आटते व दुसरे तसेच राहते.

७ इंचांचे नऊ चौकोन कापावेत, पाच गडद व चार फिके. पुठ्ठ्याचा एकच नमुना करून सर्व चौकोन त्यावरूनच आखावेत, कापलेल्या चौकोनावरून पुढचा आखू नये. जुने कापड विरलेले असल्यामुळे शिवणीसाठी अर्धा इंच सोडावा. म्हणजे शिवल्यावर चौकोन ६ इंचांचा राहतो. सुईपासून अर्धा इंच अंतरावर यंत्राच्या पाटावर चिकटपट्टीचा तुकडा लावला, की कापडाची कड त्याला टेकवून शिवता येते आणि डोळ्याच्या अंदाजावर विसंबावे लागत नाही. सुई १४ नंबरची व टाके इंचाला १० ते १२ असावेत. एक जोडी शिवून झाली की दोरा न तोडता दुसरी जोडी लागलीच सुईखाली द्यावी. अशी माळ केल्याने दोरा वाचतो. जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांना उलटी टीप नसते. म्हणून उघड्या राहणाऱ्या टोकांना दोऱ्याची गाठ मारावी.

तीन चौकोनांची एक ओळ झाली की शिवणी एका बाजूला दाबाव्यात. पहिल्या ओळीच्या डावीकडे, दुसरीच्या उजवीकडे, तिसरीच्या पुन्हा डावीकडे. ओळी एकमेकींना जोडताना या शिवणी समोरासमोर अडकून बसतात व कोपरे आपोआप जुळतात. इस्त्री नसल्यास गरम पाण्याच्या तांब्याने दाबले तरी चालते.

पदर एकत्र शिवणे

यंत्राची सारी कसोटी येथे लागते. खालचे दाते तळाचा पदर पुढे ओढतात, तर वरचा पाय वरच्या पदराला रोखून धरतो. त्यामुळे वरचे कापड हळूहळू पुढे ढकलले जाऊन शेवटी चुणी पडते. उपाय तीन आहेत. पायाच्या दांड्यावरील दाबाचा स्क्रू थोडा सैल करावा. सर्व पदर वीतवीत अंतरावर मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावेत. हा वेळ वाचवू नये. आणि टिपा मध्यापासून कडेकडे, सर्व एकाच दिशेने माराव्यात. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ नावाची गोधडी करतात, तिचे हाताचे टाके कडेपासून सुरू होऊन मध्याकडे जातात. हाताला ते साधते, कारण हात प्रत्येक टाक्याला चुणी सारीत पुढे जातो. यंत्रावर तसे केल्यास सारी ढिलाई मध्यात जमून फुगा येतो.

यंत्रावर वरचा जोडकामाचा पदर, मध्ये जुन्या मऊ लुगड्याचे दोन पदर आणि खाली अस्तर, असे चारच पदर घ्यावेत. चौकोनांच्या कोपऱ्यांवर शिवणी एकत्र आल्यामुळे तेथे हे चार आठ-नऊ होतात. तेवढी जागा येताच चाक हाताने फिरवून एकेक टाका घ्यावा. सुई १६ नंबरची, टाके इंचाला ६ ते ८. आरंभी त्याच पदरांच्या चिंधीवर टीप मारून ताण पाहावा. खालचा दोरा वर डोकावत असेल तर वरचा ताण कमी करावा. अधिक ऊब हवी असल्यास त्या गोधडीचे जोडकाम यंत्रावर करावे आणि पदर मात्र हाताच्या धावदोऱ्यानेच शिवावेत. माझ्या मते जाड वाकळेला दुसरा मार्ग नाही. आणि आपल्या आजीबाईंच्या हातची चौकोनात चौकोन आत आत जाणारी धावदोऱ्याची नक्षी यंत्र देऊ शकत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

मोठी गोधडी पट्ट्यांनी

सुई आणि यंत्राचा खांब यांमधील जागा जेमतेम वीतभर असते. पूर्ण गोधडीची गुंडाळी तीत मावत नाही. मावली तरी तिच्या ओझ्याने सुई वाकते. म्हणून गोधडी १८ इंच रुंदीच्या तीन पट्ट्यांत करावी. प्रत्येक पट्टी ३ चौकोन रुंद व १२ चौकोन लांब. तिन्ही मिळून १०८ चौकोन होतात आणि गोधडी ५४ इंच रुंद व ७२ इंच लांब, म्हणजे एका माणसापुरती भरते. ४२ इंच धड पन्ह्याच्या कापडातून ७ इंचांच्या एका पट्टीत ६ चौकोन निघतात. तेव्हा १८ पट्ट्यांना १२६ इंच, म्हणजे साडेतीन वार कापड पुरते. लुगड्याचा बसण्याच्या जागेचा भाग विरलेला असतो, तो मधल्या पदराला वापरून चौकोन पदराकडील व निऱ्यांच्या भागातून काढावेत.

मधले पदर बरोबर १८ इंच रुंद, तर अस्तर २० इंच ठेवावे. प्रत्येक पट्टीत लांबीच्या दिशेने ३ इंच अंतराने पाच टिपा माराव्यात, पहिली मधोमध. दोन्ही कडांना ३ इंच जागा मोकळी राहील, ती जोडासाठी हवी. या टिपा प्रत्येक पट्टीत १० वार, तिन्हींत ३० वार होतात. यंत्राला टिपेच्या सुमारे अडीच ते तीन पट दोरा लागतो, म्हणून ७५ ते ९० वार दोरा या कामासाठी बाजूस काढावा.

जोडताना अस्तर व मधले पदर मागे दुमडून फक्त वरचे पदर सुलट बाजू आतमध्ये ठेवून अर्ध्या इंचावर शिवावेत. नंतर गोधडी पालथी घालावी. मधल्या पदरांच्या कडा एकमेकींस भिडतील, एकमेकींवर चढणार नाहीत. एका पट्टीचे अस्तर सपाट पसरावे, दुसरीच्या अस्तराची कड अर्धा इंच आत दुमडून त्यावर ठेवावी व बारीक हातटाक्यांनी पक्की करावी. चारही कडांना ३ इंची पट्टी दुहेरी करून गोट लावला की काम संपते. हा गोट पुढच्या अंगाने यंत्रावर व मागच्या अंगाने हाताने शिवावा. कोपऱ्यांवर यंत्र जोराने दामटू नये.

पहिली धुलाई थंड पाण्यात, न पिळता करावी आणि गोधडी सावलीत, दोन दोऱ्यांवर आडवी पसरून वाळवावी. यंत्र झाकण्यापूर्वी सुईखाली कापडाची एक घडी ठेवून पाय तिच्यावर टेकवावा. जादा तेल ती टिपून घेते आणि दुसऱ्या दिवशीच्या शिवणीवर डाग पडत नाही.