चिखलणीचा ट्रॅक्टर आणि रेडिएटरची निगा

आषाढाच्या सरींनी खाचरे भरली म्हणजे तळेगाव दाभाडे, वडगाव व कामशेत या मावळच्या पट्ट्यात चिखलणीची एकच घाई उडते. पूर्वी बैलांच्या औताने होणारे हे काम आता बहुधा ट्रॅक्टरने केले जाते. ज्यांच्यापाशी ट्रॅक्टर नाही ते तो भाड्याने आणतात, आणि एकच यंत्र एकामागून एक अनेकांच्या खाचरांत फिरते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी वाण असो वा जुना आंबेमोहर, रोपे साधारणतः २१ ते २५ दिवसांची झाली की लावणी उरकावी लागते. रोपे वाफ्यातच वाढत राहिल्यास पुढे फुटवे कमी येतात. अशा वेळी ट्रॅक्टर तापून बंद पडला, तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही. पाळी लागून राहिलेल्या सर्वांचेच होते.

चिखलणीतच इंजिन का तापते?

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकी सुमारे एक तृतीयांशच प्रत्यक्ष कामी येते. जवळजवळ तितकीच उष्णता इंजिनाभोवती खेळणारे पाणी शोषून घेते व रेडिएटरमध्ये आणून सोडते. रेडिएटरच्या नळ्यांना पातळ पत्र्याच्या पट्ट्या जोडलेल्या असतात. पंखा समोरून हवा ओढतो. ती या पट्ट्यांमधून जाताना उष्णता घेऊन जाते. रस्त्यावर धावणाऱ्या वाहनास वेगामुळेही वारा मिळतो. खाचरात मात्र ट्रॅक्टर सावकाश चालतो, त्याच्यावर रोटाव्हेटरचा भार असतो आणि सारी भिस्त एकट्या पंख्यावर राहते. नेमक्या याच वेळी पुढील चाकांनी उडविलेला चिखल, गवताच्या काड्या व कीटक हवेबरोबर पट्ट्यांत जाऊन बसतात.

मावळातील माती काळ्या पाषाणाच्या झिजेतून बनलेली असून तिच्यात चिकणमातीचा अंश असतो. ती ओली असता पाण्याने सुटते. परंतु इंजिनाच्या उष्णतेने सुकली म्हणजे विटेसारखी घट्ट होते. शिवाय समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर उघडे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांनाच उकळू लागते. रेडिएटरचे टोपण आत दाब राखून पाण्याचा उत्कलनबिंदू वाढविते. टोपणाचे रबर झिजलेले असल्यास हा आधार नाहीसा होतो.

प्रतिबंधक उपाय

हंगामापूर्वी पंख्याच्या पट्ट्याचा ताण, रबरी नळ्या व टोपण तपासून घ्यावे. पुढील चाकांवर चिखलरोधक पत्रे बसवावेत. रेडिएटरपुढे सहज काढता येईल अशी बारीक तारेची जाळी लावणे हितावह असते. मात्र ती दर दोन तासांनी धुतली पाहिजे, अन्यथा जाळीच अडथळा होऊन बसते. जाळीऐवजी गोणपाट किंवा कापड कदापि बांधू नये. रेडिएटरमध्ये खाचराचे गढूळ पाणी ओतू नये, कारण त्यातील गाळ नळ्यांत आतून साचतो. क्षारयुक्त विहिरीच्या पाण्याने नळ्यांत पुटे धरतात. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात स्वच्छ मृदू पाणी व कूलंट वापरावे.

रेडिएटर धुण्याची रीत

चिखल ओला असताना, म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळी, रेडिएटर धुणे हा या कामातील मुख्य नियम होय. प्रथम इंजिन बंद करून पूर्ण निवू द्यावे. तापलेल्या भागांवर गार पाणी पडल्यास ते तडकण्याची भीती असते. पुढील जाळी व बाजूचे पत्रे काढावेत. हवेच्या गाळणीचे तोंड व विजेची उपकरणे प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकावीत.

यानंतर पाणी पंख्याच्या बाजूने पुढील बाजूस, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दिशेच्या उलट सोडावे. समोरून धार मारल्यास चिखल अधिक खोल जातो. रेडिएटर समोरून स्वच्छ दिसतो; परंतु आतील थर तसाच राहतो. चिखल सुकला असल्यास तो भिजवून १० ते १५ मिनिटे थांबावे व मऊ कुंचला पट्ट्यांच्या दिशेनेच फिरवावा. लोखंडी तार किंवा खिळा वापरू नये. वाहने धुण्याच्या केंद्रातील जोरदार फवाऱ्याने पट्ट्या दुमडतात. साध्या नळीची धार पुरेशी असते. काही ट्रॅक्टरांत रेडिएटरपुढे तेल किंवा हवा थंड करणारी दुसरी चौकट असते. त्या दोहोंमधील फट अवश्य साफ करावी.

काम पुरे झाले की नाही हे पाहण्यासाठी अंधार पडल्यावर मागील बाजूस विजेरी धरावी. जेथे उजेड पलीकडे दिसत नाही तेथे चिखल शिल्लक आहे असे समजावे. हे धुण्याचे काम ओढ्यात किंवा नदीपात्रात करू नये. इंजिनावरील तेल पाण्यात मिसळते.

काटा वर चढल्यास

दमलेला बैल धापा टाकतो. ट्रॅक्टरची धाप तापमानदर्शक काट्यावर दिसते. काटा वर सरकू लागताच भार काढावा, इंजिन काही मिनिटे मंद चालू ठेवून मग बंद करावे. परंतु पट्टा तुटला असल्यास, पाणी गळत असल्यास किंवा वाफ येत असल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. गरम असताना टोपण उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी तोंडावर उडून गंभीर इजा होते.

तापलेले इंजिन तसेच रेटल्याने हेड गॅस्केट जाते व दुरुस्तीत लावणीचे मोलाचे दिवस खर्ची पडतात. रोज संध्याकाळी अर्ध्या तासाची मेहनत घेतल्यास हे संकट बहुतांशी टळते. भाड्याने ट्रॅक्टर आणणाऱ्यांनीही काम ठरवितानाच रेडिएटर धुतला आहे काय, याची खात्री करून घेणे इष्ट होय.