खुली शासकीय माहिती : शासनाची व नागरिकांची दृष्टी

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या कारभाराची माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावयाची असते. प्रत्यक्षात मात्र अर्जांचाच ओघ दिसतो. असे का व्हावे?

एक कारण प्रशासनाच्या जुन्या वळणात आहे. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली वाढलेल्या कचेऱ्यांना कागद ही आपली मालमत्ता वाटत आली. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातील कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी भरविली. तेथे हजेरीपट मोठ्याने वाचला गेला आणि कामावर कधीच न गेलेल्यांची नावे गावासमोर आली. लक्षात घ्या, हजेरीपट कचेरीत होताच. तो गावाने एकत्र ऐकला, हे नवे होते.

२०१२ मध्ये केंद्र शासनाने खुल्या आकडेवारीविषयी धोरण स्वीकारून स्वतंत्र संकेतस्थळही सुरू केले. तरीही कागदाची स्कॅन केलेली प्रत संकेतस्थळावर टाकली की कर्तव्य संपले, अशी समजूत कचेऱ्यांत आढळते. अशा प्रतीतील आकड्यांची बेरीजही संगणकाला सहज करता येत नाही. नागरिकही स्वतःचा सातबारा हाती आला की बहुधा समाधान मानतो (आपणही त्यास अपवाद नसू). गावच्या नळयोजनेचा खर्च पाहावयास तो क्वचितच जातो.

स्वाध्याय : आपल्या ग्रामपंचायतीने अथवा नगरपालिकेने कलम ४ खाली प्रसिद्ध केलेला खर्चाचा एखादा तक्ता मिळवा. त्यातील कोणते आकडे आपणांस स्वतः पडताळता आले, ते लिहा.