फ्रॉकमधली मुले आणि बिनडोक्याची धडे

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी लोकचित्रांतली मुले इतकी सपाट आणि पोक्त का दिसतात? चितारी म्हणे धडे आधीच रंगवून ठेवत आणि गिऱ्हाईक आले की वर डोके काढून देत. हे खरे का?

उत्तर : धडांची गोष्ट खरी मानायला आधार नाही. अशी डोक्याविना राहिलेली चित्रे कुठे सापडलेली नाहीत. समज का पसरला, ते मात्र कळते. कनेक्टिकटमध्ये जन्मलेल्या आमी फिलिप्स (१७८८–१८६५) याने मांडीवर पांढरी मांजर आणि पायाशी कुत्रा असलेली लाल झग्यातली मुलगी रंगवली. ते चित्र आज न्यूयॉर्कच्या लोककला संग्रहालयात आहे. जवळपास तसाच लाल झगा त्याने इतर मुलांच्या चित्रांतही वापरला. हातात बसलेला नमुना वापरला की काम लवकर उरकते, कारण लहान मूल एका जागी बसणार किती वेळ? मिळेल तेवढा वेळ चितारी चेहऱ्यावर घालवी, आणि चेहरे खरोखर वेगवेगळे आहेत.

सपाटपणाचे एक कारण शिक्षण. यातले अनेकजण दुकानांच्या पाट्या, बग्ग्या, फर्निचर रंगवता रंगवता माणसांकडे वळलेले. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते. ते प्रमाण चुकले की मूल पोक्त दिसते. पण सगळा दोष अडाणीपणाचा नव्हे. विल्यम मॅथ्यू प्रायर याने १८३१ साली मेनमधल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती : छाया न दाखवलेले सपाट चित्र हवे असल्यास चौथाई दर. छायाप्रकाश साधणारी चित्रेही तो काढत असे. म्हणजे सपाट चित्र हा स्वस्तातला माल होता, आणि त्यामुळेच बेताच्या ऐपतीच्या घरांतही मुलांची चित्रे लागली. हे मला फार मोलाचे वाटते, कारण त्या काळी मुले दगावण्याचे प्रमाण मोठे होते. मॅसॅच्युसेट्सचा जोसेफ व्हायटिंग स्टॉक लहानपणीच्या अपघाताने अपंग झालेला, चाकांच्या खुर्चीत बसून चित्रे काढी. मेलेल्या मुलांची चित्रे काढल्याच्या नोंदी त्याच्या वहीत आहेत.

आणखी एक गैरसमज : फ्रॉक म्हणजे मुलगी. त्या काळी लहान मुलगेही फ्रॉकच घालत, कारण ते बदलायला सोपे पडे. ओळखायचे असेल तर भांग पाहा. मधोमध असेल तर बहुधा मुलगी, एका बाजूला असेल तर मुलगा. मुलग्याच्या हाती चाबूक किंवा हातोडी देत, मुलीच्या हाती बाहुली किंवा फुले.