मनाचा ताळा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

बँकेत चौतीस वर्षे लेजरं लिहिली. संध्याकाळी ताळा जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, हा नियम. नवा होतो तेव्हा आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी शिकवलं, "फरकाला 9 ने भाग जातो का बघ. जात असेल तर आकडे उलटे पडलेत, 54 चे 45 झालेत. नाही तर फरक निम्मा करून ती रक्कम शोध, जमेची नोंद नावे पडली असेल." म्हणजे चुका ठरावीक जातीच्या असतात. जात कळली की नोंद सापडते.

हेच मनाच्या हिशेबालाही लागू आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

तीन वर्षांपूर्वी मुलाचा फोन आला, "बाबा, यंदा दत्तजयंतीला जमणार नाही." मी लगेच मनात लिहून टाकलं : आता आपली किंमत राहिली नाही. त्याला नको ते बोललो. मग महिनाभर बोलणं बंद. झोप उडाली, रक्तदाब वाढला. शेवटी सौ. म्हणाली, "तुमची किंमत नाही, असं तो म्हणाला का?" म्हणाला नव्हता. त्याची नोकरी धोक्यात होती आणि आम्हाला काळजी नको म्हणून तो गप्प होता.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आरोन बेक यांनी 1960 च्या दशकात उदास रुग्णांच्या विचारांतल्या अशा चुका नोंदवल्या. काही आपल्या घरोघरी दिसतात :

1. दुसऱ्याच्या मनातलं आपणच वाचणं. (माझी चूक हीच.)
2. एका प्रसंगावरून कायमचा निष्कर्ष : "हे नेहमी असंच."
3. सगळं किंवा काहीच नाही : सून एकदा उलट बोलली की वाईटच.
4. राईचा पर्वत : छातीत जरा दुखलं की "संपलं आता."

चूक सापडेपर्यंत भावनेचं काय करायचं? राग गिळणं हा उपाय नव्हे. गिळलेला राग आत राहतोच. अवधूतांच्या 24 गुरूंमध्ये समुद्र आहे. तो पावसाळ्यात नद्यांनी फुगत नाही, उन्हाळ्यात आटत नाही. पण लाटा त्यालाही असतातच! आपणही लाट आली की तिला नाव द्यावं : "मला राग आलाय", "मला भीती वाटतेय." सावकाश दहा श्वास घ्यावेत. फोन लगेच करू नये. मग वहीत तीन रकाने आखावेत : काय घडलं, मी काय धरून चाललो, पुरावा काय. तिसरा रकाना बहुधा कोरा राहतो. तिथेच चूक सापडते.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नको वाटत असेल, तर वहीवर भागवू नये. डॉक्टरांकडे जावं. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो. त्यात कमीपणा नाही. ताळा जुळेना, तेव्हा आम्हीही साहेबांना हाक मारायचोच.

मी मुलाला फोन केला, "चुकलो रे" म्हणालो. पलीकडे तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, मीच सांगायला हवं होतं."

त्या रात्री ताळा जुळला. झोप लागली.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥