आजी-आजोबांची काळजी आणि गटचर्चा



गटचर्चा आपण वर्गात नेहमीच घेतो. पण हीच पद्धत घरातल्या ज्येष्ठांच्या मनावरचं ओझंही हलकं करू शकते. कशी, ते पाहू.

ज्येष्ठांना कसली काळजी असते?
पडण्याची भीती, औषधांचा खर्च, जोडीदार आधी गेला तर काय, मुलांवर भार तर होणार नाही ना? घरी हे बोललं की आपण लगेच म्हणतो, "आई, तुम्ही उगाच विचार करता." विषय तिथेच संपतो, पण काळजी संपत नाही.

गटात काय घडतं?
शाळेतल्या आजी-आजोबा मेळाव्यात एक आजी म्हणाल्या, "रात्री उठताना पडेन म्हणून मी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही." मी लगेच पाण्याचं महत्त्व सांगायला लागले. सगळे गप्प! मी थांबले, तेव्हा शेजारचे आजोबा हळूच म्हणाले, "मी पण नाही पीत." मग तिसऱ्या आजींनी सांगितलं, "आमच्याकडे रात्रभर छोटा दिवा चालू ठेवतात." माझ्या उपदेशाने जे झालं नाही, ते या दोन वाक्यांनी झालं. 'हे फक्त माझंच नाही' ही जाणीव मोठा आधार देते. मानसोपचारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनीही गटोपचाराच्या परिणामामागे ही जाणीव महत्त्वाची मानली आहे.

चर्चा कशी घ्यावी?
१. सहा ते आठ जण, खुर्च्या गोलाकार. कमी ऐकू येणाऱ्यांना बोलणाऱ्याचा चेहरा दिसेल असं बसवा.
२. एका बैठकीत एकच विषय.
३. आधी सगळ्यांचं ऐकायचं, सल्ला नंतर. बोलायची सक्ती नको.
४. शेवटी फळ्यावर दोन रकाने करा : 'आपल्या हातातलं' आणि 'आपल्या हातात नसलेलं'. पहिल्या रकान्यातली एक गोष्ट प्रत्येकाने आठवडाभर करून पाहायची.
५. गटातलं बोलणं गटातच राहील.

हे लक्षात ठेवा
चर्चा म्हणजे उपचार नव्हे. झोप-भूक बरेच दिवस उडाली असेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

पालकहो, आज घरातल्या ज्येष्ठांना एवढंच विचारा, "रात्री झोपताना मनात काय येतं?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.